दोन खाचा पुढे

विश्वासरावांनी आजवर तीन एक्सल मोडले होते, आणि तिन्हींचे जाड तुकडे बडोद्यात सुभानपुऱ्याच्या घरात कामाला लागले होते. गच्चीवर पापड वाळत घातले की शैलाताई कापडाच्या तीन कोपऱ्यांवर ते ठेवत. चौथ्या कोपऱ्यावर वरवंटा. "अजून एक मोडा, म्हणजे माझा वरवंटा सुटेल," असं त्या नवऱ्याला म्हणत. त्यावर विश्वासराव म्हणत, "येत्या सीझनला बघू."

शर्यतींचा सीझन आला तेव्हा विश्वासराव नव्हते. श्रावणात, दुपारचा चहा पिता पिता ते गेले. त्याआधी सलग बारा दिवस लेथवर उभं राहून त्यांनी चौथा एक्सल स्वतः घडवला होता, तापवून त्याला पाणी दिलं होतं आणि आपल्या जुन्या लाल मोटारीत तो बसवला होता. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, तेव्हा विकत मिळण्याचा प्रश्न नव्हता. हा एक्सल शर्यतीच्या पट्टीवर एकदाही धावला नव्हता.

नातेवाइकांचं मत होतं की गाडी शेडमध्ये झाकून ठेवावी. आठवण राहील. शलाका, त्यांची मुलगी, एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि कमी बोलायची. ती एवढंच म्हणाली, "हार घालायला घरात एक फोटो आहे. तेवढा पुरे."

मात्र तिला झोप लागत नव्हती, हेही खरं. बाबांच्या हातची शेवटची वस्तू, आणि ती मोडायची झाली तर आता तिच्याच पायाखाली मोडणार होती.

उत्तरायणाचे पतंग उडून आठवडा झाला होता. बडोद्यापासून तासाभरावर एक जुनी खासगी धावपट्टी होती. तिथे मोटार क्लबची माणसं सकाळी सकाळी डांबरावर अडकलेला मांजा वेचत होती. पाव मैलाची सरळ पट्टी, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. शैलाताई घडीच्या खुर्चीवर शाल घेऊन बसल्या होत्या, मांडीवर गूळ-तुपाच्या सुखडीचा डबा. जनार्दनकाका, विश्वासरावांचे कारखान्यातले चाळीस वर्षांचे सोबती, गाडीखाली आडवे झाले होते.

गाडीचं दुखणं जुनं. रेस देऊन क्लच सोडला की मागची चाकं रस्ता पकडायची, आणि त्या जोरात एक्सलखालचे स्प्रिंगचे पाटे पिळले जायचे. पीळ फार झाला की चाक निसटायचं, पाटा उलटा झटका द्यायचा, चाक पुन्हा पकडायचं. हे एका सेकंदात आठ-दहा वेळा. बघणाऱ्याला वाटायचं, गाडी लंगडी घालतेय. त्या दणक्यांत एक्सल जायचा. विश्वासरावांनी पाट्यांना आधाराच्या दांड्या लावल्या, रबरी बुश कडक केले, मागच्या टायरमधली हवा कमी करून पाहिली. उड्या कमी झाल्या. बंद झाल्या नाहीत.

"त्याने सगळं बदललं," जनार्दनकाका म्हणायचे, "स्वतःचा उजवा पाय सोडून."

कारण शेवटचा इलाज पायात होता. उडी सुरू झाली की ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर सैल सोडायचा, चाकं शांत होऊ द्यायची, मग पुन्हा दाबायचा. विश्वासरावांना हे ठाऊक होतं, पण जमत नव्हतं. पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. त्यांची रिकीब अजून देवघराशेजारच्या खिळ्याला होती. पाय मागे घ्यायचा नाही, हे त्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवत.

शेजारच्या पट्टीवर बडोद्याच्याच हरणी भागातला यशराज आला, चकचकीत पांढऱ्या गाडीत. तो काच खाली करून म्हणाला, "ताई, मी पुढे जाऊन चहा सांगतो. थंड व्हायच्या आत पोचाल ना?"

"माझ्यात साखर कमी सांग," शलाका म्हणाली.

पाण्याच्या डबक्यात चाकं गरगरा फिरवून तिने टायर तापवले. झेंडेवाला हात हलवत, तिला पुढे घेत ओरडला, "बेन, जरा आगळ... बस, बस!"

दिवा हिरवा झाला. तिने क्लच सोडला आणि मागून दणके सुरू झाले, टप टप टप टप, थेट पाठीच्या कण्यात. दात एकमेकांवर आपटले. पाय मागे घ्यायचा नाही, असं कुणीतरी आतून बजावलं. एक दणका, दुसरा, तिसरा. मग तिने पाय उचलला, सगळाच. गाडी आचका देऊन जागीच बंद पडली. पांढरी गाडी दूर ठिपका झाली.

गाडी ढकलत बाजूला आणली. जनार्दनकाका टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन खाली सरकले. शलाका उभी राहिली. तिने हात स्वेटरच्या खिशात घातले. खालून एक ठोका ऐकू आला, स्वच्छ, घंटेसारखा. मग आणखी एक.

"अख्खा आहे," काका म्हणाले. "पाय उचललास?"

"उचलला."

"या घराण्यात पहिली तू."

"मी पाहिलं," खुर्चीवरून शैलाताई म्हणाल्या. "त्यांनीही पाहिलं असेल. चिडले असतील तर चिडोत."

काका कपडे झटकत बाहेर आले. "पण सगळा कशाला उचललास? नखभर सैल करायचा असतो."

"नखभर होत नाही. पायाचा अंगठाच कसाबसा पोचतो. दाबला तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही."

काकांनी दार उघडून आत वाकून पाहिलं. सीट रुळावर पार मागे होती. पाठीला दोन उशा लावलेल्या, घरच्याच, सोफ्यावरच्या.

"ही विश्वासची सीट आहे," ते म्हणाले.

"हो."

"पाच महिने अशीच चालवतेस?"

"शेडपासून गेटपर्यंत. गेटपासून शेडपर्यंत. आज पहिल्यांदा लांब आणली."

शैलाताई उठून आल्या, शाल सावरत त्यांनीही आत पाहिलं. उशा ओळखीच्या निघाल्या. "तरी म्हटलं, उशा गेल्या कुठे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "ते पाच फूट अकरा होते गं. तू माझ्यावर गेलीस. घे पुढे."

"परत मागे नेता येते," काका हळूच म्हणाले. "खाचाच आहेत त्या."

शलाका आत बसली. सीटखाली हात घालून तिने लोखंडी दांडी शोधली, ओढली. पाच महिन्यांत तिने त्या दांडीला हात लावला नव्हता. एक खाच, खट. दुसरी, खट. मागे रुळावर जुन्या जागेची धुळीची रेघ उरली. ती पुसायचं काही कारण नव्हतं. तिने उशा आईच्या हातात दिल्या. पाय पेडलवर पूर्ण टेकला, टाचेसकट.

यशराजलाही दुसरी फेरी करायची होती. या वेळी त्याने नुसता हात वर केला.

हिरवा दिवा. गाडी उसळली आणि पुन्हा मागून दणका आला, पहिला, दुसरा. तिने टाच न हलवता पाय नखभर सैल केला. चाकांनी एकदा रस्ता चाचपला आणि धरला. तिने पाय परत दाबला. गाडीचं नाक उचललं गेलं, तिची पाठ सीटला चिकटली, आणि मग उड्या नव्हत्या, फक्त इंजिनाचा भरलेला, सरळ आवाज होता. दुसरा गिअर, तिसरा. पट्टीच्या कडेची वाळकी गवतं एका रेषेत मागे जात राहिली. ती हसत होती हे तिला पलीकडच्या टोकाला, ब्रेक लावल्यावर कळलं.

यशराज अर्थातच आधी पोचला होता. दोन सेकंदांहून जास्त. ती परत येईपर्यंत त्याने चहाचा कागदी कप धरून ठेवला होता. "साखर कमी," तो म्हणाला. "आणि गरम आहे, ताई."

जनार्दनकाका तोवर पुन्हा खाली गेले होते. ठण. ठण. ते बाहेर आले ते डोळे पुसतच, धूळ गेली म्हणत.

शैलाताईंनी डबा उघडून सुखडीची वडी लेकीच्या तळहातावर ठेवली. "मोडला?"

"नाही."

"म्हणजे यंदाच्या पापडांनाही वरवंटाच." पण त्यांनी स्वतःही एक वडी तोंडात टाकली होती आणि उन्हाकडे तोंड करून त्या निवांत बसल्या होत्या.

शलाकाने चहाचा घोट घेतला. "येत्या सीझनला बघू," ती म्हणाली.