आळीच्या शेवटचा ओटा

रतनचं चित्र शाळेच्या व्हरांड्यात लागलं आणि तिच्या आईचे, धोंडाबाईचे पाय जमिनीला लागेनात. वेल्ह्याच्या रस्त्याला विंझरच्या अलीकडं त्यांचं गाव. गाव म्हणजे सारी मिळून एकच लांब आळी. वरच्या टोकाला शाळा आणि सरपंच सर्जेरावांचं माडीचं घर. खालच्या टोकाला बौद्धवाडा, आणि त्यातलं पहिलंच घर धोंडाबाईचं. दारापुढं दगडमातीचा ओटा. त्या ओट्यावर सुकट-बोंबील विकून तिनं नवऱ्यामागं पोर वाढवली होती.

रतननं शाळेच्या पायरीवर बसून अख्खी आळी कागदावर उतरवली होती. सर्जेरावांच्या माडीचे गज, कोंडिबाच्या गाडीचं मोडकं चाक, कुणाच्या तरी पत्र्यावर वाळत टाकलेली गोधडी. बघणारा आधी आपलं घर शोधायचा आणि मग "अगागा!" म्हणायचा. शाळेनं तिला रंगांची पेटी दिली, भोरला चित्रकलेच्या परीक्षेला पाठवायचंही ठरलं. धोंडाबाई गिऱ्हाइकांना बोंबील कमी आणि पोरीचं कौतुकच जास्त द्यायला लागली. "माझी पोर जे हाय तेच काढती. रेघभर खोटं न्हाई."

हे बोलणं आपल्याच अंगावर येईल असं तिला कुठं ठाऊक होतं!

वरच्या अंगाला राहणाऱ्या कोंडिबाची नजर बारीक, पण ती कायम दुसऱ्याच्या बांधावर. त्यानं चित्राला सुतळी लावून बघितली. "माझ्या दारात रस्ता चार बोटं. आन धोंडाबायच्या दारात? नखाएवढा बी न्हाई! तिच्या दारात टेम्पो उगाच अडकत न्हाई, सरपंच. बाईनं रस्ता गिळलाय."

माणसं जमली. चाक खरं, गज खरे, गोधडी खरी. मग एकटा रस्ताच खोटा कसा असेल? सर्जेरावांनी निकाल देऊन टाकला. "उद्या सकाळी ओटा काढायचा."

रतन रडकुंडीला येऊन सरपंचांना म्हणाली, "अण्णा, लांबचं बारीकच दिसतं. चित्रावर कशाला, रस्त्यावर लावा की सुतळी!"

"म्हंजे तुझं चित्र खोटं?" कोंडिबा म्हणाला. "तसं सांग. मग पेटी दे परत, आन भोरबी ऱ्हाऊ दे."

रतननं पेटी छातीशी आवळली. धोंडाबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं, आणि दारात येताच सुटली. "काय गं रतने, आईचं दार काढताना पेन्सिल झिजली व्हय? सरपंचांच्या दारात बैलगाडी वळंल, आन माझ्या दारात मुंगीला तिरकं चालाय लागंल!"

"आये, ओट्यावर बस. एक डोळा मीट."

"मला शिकवती?"

"बस तरी!"

ती बसली. रतननं तिच्या हातात पेन्सिल देऊन हात लांब करायला लावला. "आता सरपंचांची माडी मोज."

धोंडाबाईनं मोजली. पेन्सिलीच्या नुसत्या टोकाएवढी भरली. तिनं डोळा बदलला, तेवढीच. तिच्या पायाशी रस्ता खळ्यासारखा पसरला होता, आणि दोन्हीकडची घरं एकमेकांकडं सरकत सरकत पार शाळेपाशी चिमटीत आली होती. इतकी वर्षं हितंच बसतोय आपण, आणि हे कधी दिसलं नाही?

"अगं बया... ह्ये रोजच असं असतं?"

"रोजच. मास्तर म्हणतात, सगळ्या रेघा एका ठिपक्याकडं पळतात. लोपबिंदू म्हणायचं त्याला. मी त्या टोकाला बसले, म्हणून ठिपका आपल्या दाराकडं आला."

"आन मी हितं बसले तर?"

रतननं नुसतं माडीकडं बोट केलं.

सकाळी पहारी घेऊन गडी आले, मागं कोंडिबा, त्याच्यामागं सर्जेराव. धोंडाबाई ओट्याच्या मधोमध बसलेली.

"ऊठ, बाई."

"उठते. पर पोरीनं बसून काढलंय चित्र. तुमीबी हितं बसून बघा, मग पाडा."

ह्या ओट्यावर? सर्जेराव मतं मागायला आले होते तेव्हाही रस्त्यातूनच हात जोडून गेले होते. गडी एकमेकांकडं बघायला लागले.

"बसू नगा, अण्णा," कोंडिबा म्हणाला. "नाटकं हायेत."

ते 'नगा' ऐकूनच बहुधा सर्जेराव बसले. अगदी कडेला, धोतर सावरून. धोंडाबाई बोलताना बोलून गेली होती. माणूस खरंच बसेल असं तिच्या मनातही नव्हतं.

"आंगठा धरा म्होरं," ती कशीबशी म्हणाली. "एक डोळा मिटा."

त्यांनी अंगठा धरला. जरा हलवला. दुसरा डोळा मिटून बघितला. मग त्यांचा चेहराच उतरला.

"कोंडिबा, माझं घर कुठं गेलं?"

"तिथंच हाय की, अण्णा!"

"न्हाई. आंगठ्याखाली गेलं. माडीसकट."

अंगठा काढला, घर आलं. धरला, गेलं.

"म्हंजे तुमीबी रस्ता गिळलाय, सरपंच," धोंडाबाई म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. एक गडी फिस्सकन हसला अन् लगेच खाली बघायला लागला.

"पहारी न्या परत," सर्जेराव म्हणाले.

"आन टेम्पो?" कोंडिबानं विचारलं.

"टेम्पोवाल्याला चालवाय शिकव."

गडी गेले. पुटपुटत कोंडिबाही गेला. सर्जेराव मात्र उठेनात. एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून तिथंच बसून राहिले. आणि ह्यांना चहा विचारावा की न विचारावा, हे धोंडाबाईला काही केल्या उमजेना.