बाजारभर फिरलेला फोटो

काडी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. लांबच लांब कापडं, वरून चुण्या, खालून दुमड, आणि दिवसभर मशीनची घरघर. अंगानं इतकी बारीक, की शाळेत पडलेलं नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. आणि भित्री तर इतकी, की गिऱ्हाइकानं जरा आवाज चढवला तरी हिच्या हातातली कात्री खाली पडायची. एका सकाळी अशा या काडीच्या दारात तिची शाळेतली मैत्रीण भिंगरी येऊन उभी राहिली. हातात एक पिशवी, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"नवऱ्याचं घर सोडलं," एवढंच ती म्हणाली. बाकीचं तिच्या मानेवरच्या निळ्या डागांनी सांगितलं.

काडी भावाकडे राहायची. वहिनीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण माळ्यावरच्या खोलीत गादीही तिनंच घातली. नवऱ्याविषयी भिंगरी कुणाशी अवाक्षर बोलली नाही, काडीशी थोडंफार बोलली तेवढंच. आणि शाळेत एका जागी कधी न टिकणाऱ्या या बाईनं तेव्हापासून उंबरा ओलांडला नव्हता. खिडकीचा पडदाही बोटभरच सरकवून ती बाहेर बघायची.

मग महिन्याभरानं एका सुट्टीच्या दिवशी ती उठली, वेणी घातली आणि म्हणाली, "आज मला तुझं शहर दाखव. भिंती बघून बघून डोळे आंबले माझे."

काडीनं दाराकडे पाहिलं. "आणि कुणी बघितलं तर?"

"इथं मला ओळखतं कोण? तुलाच अजून धड कुणी ओळखत नाही!"

हसत हसत दोघी निघाल्या. वहिनीनं वरून विचारलं तेव्हा काडीनं जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "बाजारात जातोय, मग मनोऱ्याकडे!"

जुना बाजार छपराखाली होता. आत शिरलं की गल्लीला गल्ली फुटत जायची: भांड्यांची गल्ली, दिव्यांची गल्ली, बटणं आणि लेस विकणाऱ्यांची गल्ली. भिंगरी प्रत्येक दुकानापुढे थांबत होती. टोप्यांच्या दुकानात तिनं एक रुंद काठाची टोपी काडीच्या डोक्यावर ठेवली, तर ती थेट नाकापर्यंत उतरली. "ताई, यांना टोपी नको, यांच्यावर टोपी टांगा," दुकानदार म्हणाला आणि भिंगरी पोट धरून हसली. किती दिवसांनी हे हसू ऐकतेय, असं काडीला वाटलं आणि तिची धाकधूक जरा कमी झाली.

दिव्यांच्या दुकानात मात्र बसलेल्या बाईनं भिंगरीकडे निरखून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! सापडलात की हो! तुमचे मिस्टर शोधतायत तुम्हाला."

भिंगरी हातातला काचेचा दिवा अलगद खाली ठेवत म्हणाली, "कोण म्हणालात?"

"तुमचे मिस्टर हो. मोबाइलवर फोटो दाखवला तुमचा. औषधाची पुडी होती हातात. म्हणाले, बायकोची तब्येत बरी नसते, गोळ्या न घेताच बाहेर पडली. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो."

"पाणी होतं?"

"अगदी खरं. इतका जीव लावणारा माणूस मिळायला नशीब लागतं. बसा तुम्ही, मी फोन लावते. नंबर देऊन गेलेत."

काडीनं भिंगरीचा दंड धरला. दंड गार पडला होता. "चल," भिंगरी ओठ न हलवता पुटपुटली. "तो रडला असेल, तर तो भयंकर चिडलाय."

दोघी बाहेर पडल्या. पाठीमागून दिवेवाली हाका मारत होती, "अहो बाई! अहो, थांबा!" त्या हाकेनं गल्लीतली चार डोकी वळली. भांड्यांच्या दुकानातला एकजण फळीवरून उतरत ओरडला, "ताई, तिकडे कुठे? तुमचे मिस्टर बटणांच्या गल्लीत गेलेत!" समोरून येणारा हमाल पाठीवरचं खोकं सावरत म्हणाला, "ह्याच ना त्या? फोटोतल्या?" एका म्हातारीनं तर भिंगरीच्या गालावरून हात फिरवला. "असं करू नये बाळा. घरच्यांच्या जिवाला घोर लागतो."

कुणी धमकावत असतं, तर निदान दुसऱ्या कुणाकडे धावता आलं असतं. इथे प्रत्येकजण मायेनंच बोलत होता, आणि प्रत्येक माया त्याच्याकडे बोट दाखवत होती. तो एकटाच होता, पण साखर पेरत गेला होता, आणि अख्खा बाजार त्याचे डोळे होऊन बसला होता.

गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात कुणी दिसलं नाही, तशा त्या आत घुसल्या. गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे कापसाच्या वासात दोघी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. काडीला शिंक येत होती. नाक दाबून तिनं ती आतल्या आत जिरवली.

तेवढ्यात दुकानात पावलं वाजली.

"माफ करा हं, कामात त्रास देतोय." आवाज मऊ होता, शिकवणीच्या मास्तरांसारखा समजूतदार. "ही माझी बायको. इकडे आली होती का?"

मालक आतून हात पुसत आला असावा. "नाही बुवा, आत्ता कुणीच आलं नाही."

"तिचा दोष नाही हो. मी कधी आवाजसुद्धा चढवत नाही तिच्यावर. सोबत एक बारीक बाई आहे, पडदे शिवते, तिनं डोकं भरवलंय हिचं. तिच्याच घरी जाऊन आलो आत्ता. वहिनी फार भली आहे तिची. चहा पाजला, आणि कुठे गेल्यात तेही तिनंच सांगितलं."

आजवर ती भिंगरीसाठी घाबरत होती. आता त्या मऊ आवाजात तिचं घर होतं, तिची शिलाई होती, तिची वहिनी होती. शेजारी भिंगरीनं स्वतःच्या मुठीचा चावा घेतला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

पावलं दूर गेली. मालक गाद्या मोजायला मागे वळला आणि दोघींना पाहून दचकला. त्यानं तोंड उघडण्याआधीच काडीनं हात जोडले. तो गोंधळला. त्यानं दाराकडे पाहिलं, भिंगरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मागच्या दाराची कडी काढून दिली.

मागची वाट चौकात निघत होती. समोर घड्याळाचा मनोरा, त्याच्या पायऱ्यांवर फोटो काढणारी माणसं, बाजूला संग्रहालयाची रांग आणि कोपऱ्यावर बसचा थांबा. "बसमध्ये बसू, कुठलीही असो," काडी म्हणाली. जीव मुठीत धरून दोघी थांब्याकडे निघाल्या.

तो मनोऱ्याच्या पायरीवरच बसला होता.

त्यांना पाहून तो धावला नाही. उठला, पँट झटकली आणि हसत हसत चालत आला. नीटनेटका शर्ट, विंचरलेले केस. "दमलीस ना? चल, गोळीची वेळ झाली," म्हणत त्यानं भिंगरीचं मनगट धरलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, किती हळुवार धरलंय. काडी जवळ होती. त्याची बोटं पांढरी पडलेली तिला दिसली.

"सोड मला," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. बाजारातलेही दोघंतिघं येऊन पोहोचले होते.

"जा हो बाई," त्यातला हमाल म्हणाला. "सकाळपासून वणवण करतायत ते तुमच्यासाठी."

"घरचं आहे, घरी बोला," कुणीतरी म्हणालं, आणि गर्दीनं बाजूला होऊन त्या दोघांना चक्क वाट करून दिली.

भिंगरीची पावलं फरपटत चालली होती. ती ओरडत नव्हती. ओरडलं तर आपण खरंच वेडे दिसू, हे तिला कळत असावं. तिनं फक्त मान वळवून काडीकडे पाहिलं.

काडी गेली आणि त्या मोकळ्या वाटेत आडवी उभी राहिली.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "माझ्यावर ठेवू नका, यांच्यावरही ठेवू नका. मी पोलिसांना बोलावते. ते येईपर्यंत कुणी इथून हलू नका. एवढंच करा."

"पोलीस कशाला?" तो हसून सगळ्यांकडे वळला. "आजारी बाईला चौकीवर न्यायचं?"

काडीनं फोन काढला. पहिल्यांदा आकडे चुकले, तिनं पुन्हा दाबले. तेवढ्यात भिंगरी कळवळली. त्यानं मनगट पिरगाळलं होतं, अगदी थोडंसं, हसता हसता. संत्र्यांची टोपली घेऊन थांब्यावर बसलेल्या एका बाईनं ते पाहिलं.

"अहो, पोलीस येतायत ना?" ती टोपली बाजूला सारून उठली. "मग तोवर हात सोडा की त्यांचा."

"मी नवरा आहे तिचा."

"असाल. हात सोडा."

हमालानं खाली पाहिलं. मग तोही म्हणाला, "सोडा साहेब. पळून जात नाहीत त्या."

वाट मिटली. माणसं कुणाच्या बाजूची झाली नव्हती, नुसती उभी होती. त्यानं एकेक बोट उचलत हात सोडला. हसू तसंच होतं. जाता जाता तो काडीच्या कानाशी वाकला. "घर बघितलंय मी तुझं," त्याच मऊ आवाजात म्हणाला, आणि संग्रहालयाच्या रांगेपलीकडे दिसेनासा झाला.

पोलीस आले, जबाब झाला. महिला हवालदारानं भिंगरीच्या सुजलेल्या मनगटाचा फोटो काढला आणि बायकांच्या आश्रयगृहात तिची सोय लावली. "पत्ता देऊ का तुम्हाला?" तिनं काडीला विचारलं.

"नको," काडी म्हणाली. "त्यानं विचारलं तर माझ्या तोंडून निघून जाईल. मला माहीत आहे मी कशी आहे ते."

भिंगरीनं तिला मिठी मारली, आणि बराच वेळ दोघींपैकी कुणालाच सोडवेना.

घरी वहिनी ओट्यापाशी उभी होती. सगळं ऐकल्यावर ती मटकन खाली बसली. "अगं, इतका सज्जन वाटला गं. चहा झाल्यावर स्वतःचा कप विसळून ठेवला त्यानं." तिनं तो कप उचलला, कचऱ्यात टाकला, आणि पदरात तोंड खुपसून रडली. संध्याकाळी दादानं दाराला दुसरं कुलूप बसवलं.

तो पुन्हा आला नाही. भिंगरीचा अधूनमधून फोन येतो, दर वेळी नव्या नंबरावरून. तिला एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम मिळालंय, एवढं ती सांगते. कुठल्या गावी, ते काडी विचारत नाही.

परवा दुकानात एक गृहस्थ आले. बायकोला निळा रंग आवडतो म्हणाले, मापं वहीच्या पानावर नीट लिहून आणली होती, दोनदा आभार मानले. कदाचित खरंच भला माणूस असेल. काडीनं कापड दाखवलं, पावती केली. ते रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत ती काचेतून बघत राहिली, आणि मग भर दुपारी तिनं दुकानाला आतून कडी घातली.