काटा शून्यावर अडकला तेव्हा

मी एक जुना गॅल्व्हानोमीटर आहे. नाव जड असले तरी काम साधे आहे. काचेखाली माझा एक बारीक काटा असतो. तारेतून वीज वाहिली की तो डावीकडे किंवा उजवीकडे जातो आणि वीज नसली की मधल्या शून्यावर थांबतो. मित्रांनो, खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. तरी एकदा मी भर परीक्षेत खोटे बोललो. ते कसे घडले ते ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका कॉलेजात मी पुष्कळ वर्षे राबलो. मग माझ्या काचेला तडा गेला आणि मी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका भंगारवाल्याकडे, पितळेच्या फुटक्या हंड्यांशेजारी, येऊन पडलो. तिथे मला शोभाताईंनी शोधले. त्या खापरखेड्याकडच्या एका मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. शाळेत बारावी विज्ञान नवीनच सुरू झाले होते आणि प्रयोगशाळेत भिंतींखेरीज काही नव्हते. रविवार आला की शोभाताई पिशवी घेऊन नागपूरला येत. भांड्यांच्या दुकानातून पितळी पट्टी घेत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तार मागत, लाकडी पेट्या बनवणाऱ्याकडून सरळ फळी निवडून घेत. त्या फळीवर त्यांनी लांब तार ताणली, तिला बॅटरी लावली आणि मला जोडले. तारेवरून पितळी तुकडा सरकवत न्यायचा आणि माझा काटा जिथे शून्यावर येईल ती जागा टिपायची, असा तो प्रयोग होता. काचेच्या तड्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. आयुष्यात मला इतके जपून कोणी हाताळले नव्हते.

पण मुख्याध्यापक गोपाळरावांना धास्ती होती. "पोरी तोडून टाकतील. परीक्षेलेच काढू," असे म्हणून त्यांनी मला कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. मग शोभाताई फळ्यावर माझे चित्र काढून शिकवू लागल्या. "आधी तुकडा तारेच्या दोन्ही टोकांना लावून बघा गं. काटा एकदा इकडे, एकदा तिकडे गेला पाहिजे. तेव्हाच मधल्या शून्यावर विश्वास ठेवा." मी बंद कपाटातून हे ऐकत असे आणि मनातल्या मनात चरफडत असे.

दसऱ्याला मात्र कपाट उघडले. शिपाई नत्थूजी दरवर्षी शाळेची घंटा, कुदळ, सायकलचा पंप सगळ्यांची पूजा करीत. त्यांनी मलाही भक्तिभावाने पुसले, फूल वाहिले आणि माझ्या काचेवर चिमूटभर कुंकू टाकले. तड्यावरची पट्टी एव्हाना सुटली होती. कुंकू आत उतरले, काट्याच्या टोकाशी बसले आणि काटा शून्यावर घट्ट अडकला. कुणाच्या लक्षात आले नाही. कपाटाला पुन्हा कुलूप लागले. तेव्हापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत मी भीतीने नुसता झुरत होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक वामनराव फार कडक निघाले. बस उशिरा आल्याने त्यांनी आल्या आल्या काम सुरू करायला लावले. मला तपासून पाहायला शोभाताईंना वेळच मिळाला नाही. "उपकरण बिघडवलं तर मार्क कापीन," वामनराव म्हणाले आणि शोभाताईंना भिंतीपाशी गप्प उभे राहायला सांगितले.

पहिली आली गोपिका. तिने तारेच्या मधोमध तुकडा टेकवला, शून्य दिसले, आकडा लिहिला आणि खुशीत निघून गेली. मग प्रेमिला आली. तिचे वडील देवाजी वीजकेंद्रात कोळशावर काम करीत. त्यांनी तिला बजावले होते, "एकच साल देतो तुले. नापास झाली का घरी बसजो." हे साऱ्या शाळेला ठाऊक होते.

प्रेमिलाने तारेच्या डाव्या टोकाला तुकडा लावला. शून्य. उजव्या टोकाला लावला. तिथेही शून्य. सोपी वाट समोर होती, गोपिकासारखा आकडा लिहायचा आणि सुटायचे. मी जिवाच्या आकांताने काटा हलवू पाहत होतो, पण हलेल तर शपथ.

तिने हात वर केला. "सर, काटा हालून नाही राहिला."

"शून्य आलं ना? मग लिही."

"दोन्ही टोकांले शून्यच दाखवते, सर. हे शून्य खरं नाही."

वामनराव उठून आले. "तूच काही बिघडवलं असशील." त्यांनी काचेवर पेन्सिल ठोकली. काटा ढिम्म. प्रेमिलाचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. मग वामनराव खाली वाकले आणि त्यांना काचेखालचा लाल कण दिसला.

दारातले नत्थूजी पांढरे पडले. "कुंकू मीच वाह्यलं होतं साहेब, दसऱ्याले. पोरींचं भलं व्हावं म्हणून."

वामनरावांनी शोभाताईंना मान हलवून खूण केली. शोभाताईंनी माझे स्क्रू काढले आणि कापसाच्या टोकाने कुंकू टिपले. प्रेमिलाने पुन्हा दोन्ही टोकांना तुकडा टेकवला. काटा सरकन डावीकडे गेला, मग उजवीकडे. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गोपिकाला परत बोलावून तिचा प्रयोग नव्याने करून घेतला गेला.

निकालानंतर देवाजी शाळेत आले. प्रेमिला पास झाली होती. "ते यंत्र दाखवा मले," ते म्हणाले. कोळशाने काळवंडलेल्या बोटांनी त्यांनी हळूच तारेवर तुकडा टेकवला आणि काटा हलताना पाहिला. पुन्हा टेकवला, पुन्हा पाहिला. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "पुढचं बी शिकजो."

गोपाळरावांनी कपाटाला पुन्हा कुलूप लावले नाही. नत्थूजी आता दसऱ्याला माझ्यासमोर फूल ठेवतात, अंगावर काही टाकत नाहीत. रोज किती हात लागतात मला. काच ओरखड्यांनी भरली आहे आणि काटाही थोडा थकला आहे.

मित्रांनो, मला जपा, पण कुलपात ठेवून नको. मला वापरा, पुसा, आणि माझ्यावर शंकाही घ्या. मी शून्य दाखवले तर दोन्ही टोकांना लावून बघा. मला त्याचा राग येत नाही. त्या दिवशी एका मुलीने रडत रडत माझ्यावर शंका घेतली, म्हणून मी पुन्हा खरे बोलू शकलो.