रंगाऱ्याचा शर्ट टेलरबाईंच्या अंगावर

हसायचं तर हसून घ्या, पण मी शर्ट बोलतोय. चौकड्यांचा, ढगळा. माझी शाळा म्हणजे इस्त्रीवाल्याचं टेबल. जे शिकलो ते चटके खाऊन.

मला टेलरबाईंनी नवऱ्यासाठी शिवलं. नवरा रंगारी. भिंतीला एक हात मारायचा, मला दोन. अंगावर इतके डाग पडले की शेवटी माझी रवानगी फरशी पुसायच्या कपड्यांत झाली.

मग बाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. स्तन काढायचं ठरलं. नर्सबाईंनी बजावलं, "नंतर हात वर होत नाही. पुढून बटणांचे ढगळे कपडे घाला. जखमेतलं पाणी काढायला नळी असेल, तिच्या बाटलीसाठी आतून खिसा शिवा."

गावभराचे कपडे शिवणाऱ्या बाईंकडे स्वतःचा तसा एक कपडा नव्हता! शोधता शोधता मी हाती लागलो.

खिसा शिवायला रंगारीबुवा बसले. "तू आराम कर गं. भिंत सरळ रंगवतो, टीप नाही घालता येणार?"

घातली की! माझं पुढचं आणि मागचं एकत्र शिवून मोकळे झाले.

नणंदेनं मला उचलून पाहिलं. "वा दादा! उशीचा अभ्रा केलास. आत कापूस भरू की वहिनीला?"

बाई पोट धरून हसल्या. हसता हसता रडू फुटलं. गाठ कळल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या.

"रड गं," नणंद म्हणाली. "तोवर मी ही टीप उसवते."

ऑपरेशन झालं. बाई माझ्यातच घरी आल्या, खिशात बाटली घेऊन. मला त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावून घट्ट धरलं. ड्रेसिंगला नणंद आत, नवरा दाराबाहेर.

"मी बघू का?"

"नको."

बिचारा जाऊन धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायचा.

एकदा बाई नणंदेला हळूच म्हणाल्या, "त्यांनी बघितलं आणि मान फिरवली तर?" त्या वेळी त्यांचं काळीज कसं धडधडलं, ते फक्त मला ठाऊक. मी चिकटून होतो ना.

नळी निघाली, व्यायाम सुरू झाला. डाव्या हाताच्या बोटांनी भिंत चढायची. भिंत म्हटल्यावर नवऱ्याला जोर आला. बोटं पोचतील तिथे तो रोज रंगाचा ठिपका द्यायचा. निळ्याच्या वर पिवळा, पिवळ्याच्या वर लाल. बाई करवादायच्या, "भिंतीला गोवर आणलात!" पण दुसऱ्या दिवशी दात-ओठ खाऊन वर जायच्याच.

एका सकाळी बोटं खांद्याच्या बरीच वर गेली. नवरा ब्रश बुडवून शेजारी उभा. बाईंनी डावा हात भिंतीवर तसाच ठेवला आणि उजव्या हातानं माझं एकेक बटण सोडलं.

"बघा. आणि मान फिरवलीत तर तो ब्रश डोक्यात घालीन."

त्यानं बघितलं. नीट, सावकाश. रंग टपटप फरशीवर गळत राहिला.

"दुखतं?"

"खाज सुटते मेली. खाजवायचं नाही म्हणतात."

तो वाकला आणि व्रणावर हळूच फुंकर घातली.

"अजून जरा खाली," बाई म्हणाल्या.

आता मी दोरीवर वाळतोय. वरचं बटण बाई हल्ली लावत नाहीत, गळ्याशी छान वारा लागतो. तुमच्या घरात कुणी गळ्यापर्यंत बटणं लावून बसलं असेल, तर ओढाताण करू नका. जवळपास रेंगाळा, काहीतरी काम काढा. आणि त्यांनी बोलावलं, की हातातलं टाकून या.