आतली कडी

आमच्या गावात शाळा चवथीपर्यंत. पुढचं शिकाचं त जंगलातून पायी जा, नाईतर वसतिगृहात राहा. रस्त्यानं वाघ फिरून राह्यला, म्हणून पायी पाठवाची सोयच नाई. आमचे हरिदास गुरुजी म्हणे, "मनकर्णाबाई, दिव्यानीले वसतिगृहात टाका. जेवण, कपडे, पुस्तकं, सारं फुकट."

फुकटात कोणी जहर बी देत नाई, मंग माई पोरगी कशाले पोसन? पण पाचवीत नाई गेली त बकऱ्याच्या मांगं जाईन, हे तिलेबी माहीत न मलेबी. म्हणलं, चाला गुरुजी, आधी मी पाहातो.

दिव्यानीले पिशवीसकट घेऊन, गुरुजीसंगं, न कळवता गेलो. वरण चाखलं, ठीक होतं. संडासात पाणी होतं. चादरी धुतलेल्या. तिथं पोरींवर देखरेख करणाऱ्या माधवीबाई मांगं मांगं गोड बोलून राह्यल्या. इतकं बरं पाहून माया शक आणखी वाढला.

मंग पोरींच्या खोलीचं दार लोटलं. कडी बाहेरून. आतून नुसते जुन्या स्क्रूचे भोकं.

"आतली कडी काऊन काढली बाई?"

"पोरी रात्री बाहेर निघतात. वाघाचा इलाका आहे."

"वाघाले कडी काढता येते का? न आत साप निघाला त पोरी कुठून पळतीन?"

"बाहेरून असली का केव्हाबी उघडून पाहता येते."

"कोणाले?"

माधवीबाई पलंगावरची चादर सारखी कराले लागल्या.

मी दिव्यानीची पिशवी उचलली. तिनं पलंगाची दांडी धरली, सोडेचना. मले राग आला, न त्याच्याहून जास्त भेव वाटलं. घरी नेली त शाळा गेली, इथी ठेवली त कोणाच्या भरवशावर?

बाजारातून कडी आणली न पेचकस गुरुजीच्या हातात देला. "तुमीच आणलं न आमाले? आता तुमीच स्क्रू आवळून आतून बसवा." माधवीबाई म्हणे, वर विचारावं लागन. म्हणलं, खुशाल विचारा. बाहेरची कडी काढून माया थैलीत टाकली.

"रातच्याले कोणीबी आलं त उघडाचं नाई," दिव्यानीले बजावलं. "बाई असो का गुरुजी. लाव पाहू."

तिनं लावली. एस्टीची वेळ झाली होती. मी दार वाजवलं. "दिव्यानी, मी हावो. तोंड पाहू दे एकदा."

"नाई."

पुन्हा वाजवलं.

"आई, तू जाय." तिचा आवाज रडका झाला होता. पण कडी काई तिनं काढली नाई, न मी तशीच जाऊन एस्टीत बसली.