हिरव्या वाळूत पांढरी

मी फाउंड्रीत साचे करतो. एकवीस वर्षं झाली. आता मुकादम आहे, म्हणजे वरच्यांच्या शिव्या खायचा पहिला मान माझा. वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो, आणि लोखंड गार झालं की साचा घणानं फोडायचा. ते फोडायचं काम आमच्या धाकट्याकडे, माझ्या सख्ख्या भावाकडे. धूळ इतकी उडते की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखायचा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. गारगोटीच्या पांढऱ्या वाळूची धूळ, म्हणाल्या. एकदा फुप्फुसात बसली की निघत नाही. ‘‘आत्ता थांबलात तर म्हातारे व्हाल,’’ असं तोंडावर सांगितलं बाईंनी. भावजय माझ्याकडे बघत होती, डॉक्टरांकडे नाही. त्याला नोकरीला मीच चिकटवलं होतं.

त्याच्यासाठी दुसरं काम मागितलं, तर जागा नाही. मग वाळूच बदला म्हणून मी मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागलो. सहा महिने त्याचं डोकं खाल्लं. शेवटी एक विक्रेता आला आणि त्यानं टेबलावर हिरवट खडे ओतले. ऑलिव्हिन. जमिनीच्या पोटात खोलवर याचाच साठा आहे म्हणे, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाबरोबर वर येतं, काही ठिकाणी तर अख्खे डोंगर याचे. स्वच्छ खडा मिळाला तर सोनार अंगठीत बसवतो, बाकीचं भट्टीच्या विटांना आणि दळून, वाळू म्हणून, आमच्यासारख्यांना. यात गारगोटी नाही, म्हणून छातीला तो धोका नाही.

धाकट्यानं एक खडा डोळ्याला लावला. ‘‘दादा, लोक बोटात घालतात ते आपण फावड्यानं ओढायचं? ऐश आहे बुवा आपली!’’

ट्रक आला त्या दिवशी मी छाती काढून फिरलो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. धाकट्यानं तर पहिल्याच आठवड्यात तोंडावरचा मास्क काढला. भट्टीशेजारी त्यात जीव गुदमरायचा. आता गरज काय, म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

पण साचे बसेनात. आमच्याकडे वाळूत चिकट रेझिन घालतात आणि ते घट्ट व्हायला ऍसिड. ही हिरवी बया ऍसिडच पिऊन टाकायची. साचा काढला की कडा ढासळायच्या, नळाच्या झडपा खडबडीत निघायच्या, रोज ढीगभर माल भंगारात. मॅनेजर म्हणाला, ‘‘महिनाभर बघतो, मुकादम. नाही जमलं तर तुमचं हे हिरवं खूळ परत.’’

ऍसिडशिवाय घट्ट होणारं दुसरं रेझिन मागवायला हवं होतं. मला ते ठाऊक होतं. पण त्याला वेळ लागला असता, आणि महिना कुठं थांबतो? वाळू मिसळायचं यंत्र माझ्या ताब्यात. एक दिवस मी तीन घमेली हिरव्यात एक घमेलं जुनी पांढरी टाकली. साचा बसला. रंग तसाच, हिरवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. मॅनेजरनं पाठ थोपटली. दुसरं रेझिन येईपर्यंतच करायचं असं मी मनाला सांगत राहिलो, आणि ते रेझिन मी कधी मागितलंच नाही.

दीड वर्ष असंच.

गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो धरला. डाग दुप्पट. जुन्याच धुळीचं दुखणं वाढतंय बहुतेक, म्हणाल्या. बाहेर पायऱ्यांवर धाकटा धापा टाकत बसला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस, दादा. तू ती वाळू आणलीस म्हणून इतका तरी टिकलो. त्या पलीकडच्या शेडमध्येही मी सांगितलंय, माझ्या भावाला धरा, तो आणून देईल.’’

त्यानं शिवी दिली असती तर मी गिळली असती. हे गिळवेना. पांढरी मिसळल्याचं सगळं ओकलो तिथंच.

तो माझ्यापासून जरा सरकून बसला. मग म्हणाला, ‘‘किती?’’

‘‘तिनात एक.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

‘‘मग मला नुसतं सांगायचं तरी. मी तोंड बांधून काम केलं असतं.’’

वाळू परत जाऊ नये म्हणून केलं, तुझ्यासाठीच केलं, असं ओठांवर आलं होतं. पण त्याला सांगितलं असतं तर तो पहिल्याच दिवशी म्हणाला असता, जाऊ दे परत ती वाळू. आणि वाळू परत गेली असती तर सगळ्या फाउंड्रीसमोर माझं नाक कापलं गेलं असतं.

तो कठड्याला धरून उठला आणि एकटाच पायऱ्या उतरू लागला. मी हात पुढे केला, तो त्यानं धरला नाही.