मिस्त्रींची सुट्टी

हॉटेलच्या लिफ्टचं दार कर्रर्र करून किंचाळलं, तरी मिस्त्रींनी मान वर केली नाही. त्यांची बायको मनातल्या मनात सुखावली. चला, माणूस शब्दाला जागला म्हणायचा!

अटच तशी होती. सव्वीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत घालवलेल्या या माणसानं लग्नानंतर बायकोला कुठे म्हणून नेलं नव्हतं. चार दिवसांची जोडून सुट्टी आली तेव्हा तिनं शिलाई मशीनवर कापड टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, "अहो, शहर बघायला जायचं. पण तिथल्या एकाही लिफ्टला कान लावायचा नाही. लावलात तर मी तिथूनच माहेरी!"

"बरं बाई," मिस्त्री म्हणाले होते.

आणि खरोखरच दोन दिवस त्यांनी कशालाही कान लावला नाही. संग्रहालय झालं, तलावात होडी झाली. रस्त्यानं चालताना मात्र ते दर वेळी वळसा घालून तिच्या डाव्या हाताला येत. गाड्या कुठल्याही बाजूनं जावोत, हे आपले डावीकडेच. या वयात कसले हे लाड, म्हणून ती चक्क लाजलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मनोरा. चाळीस मजले, वरून अख्खं शहर दिसतं म्हणे. लिफ्टमध्ये वीस माणसं कोंबलेली. शेवटचे आठ-दहा मजले उरले असतील, तोच डोक्यावर आवाज आला. टक्. मग ओळीनं टक्, टक्, टक्, वर पोचेपर्यंत.

तिनं आवाज लगेच ओळखला. जेवताना हा माणूस जन्मभर दुसरं काय बोलला होता? 'एक टक झाली तर दोराची एखादी तार तुटली, उद्या बघता येतं. ओळीनं टकटक लागली की दोरच चालला. मग आत राजा उभा असला तरी लिफ्ट बंद!' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री शेजारच्या बाळाला नाक फुगवून दाखवत होते.

वर गॅलरीत गर्दीच्या रेट्यानं ती त्यांच्या डावीकडे आली. "ऐकलंत ना?" तिनं विचारलं. मिस्त्री नदी बघत राहिले. ती उजवीकडे गेली. "अहो, लिफ्टमध्ये ऐकलंत ना?"

"हो तर. दार घासतंय. जाऊ दे, आज सुट्टी."

"दार नव्हतं ते."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. हॉटेलचं दार, ती डावी बाजू, घरी कर्कश लावलेला टीव्ही, सगळं तिच्या एकदम ध्यानात आलं आणि तिला धडकीच भरली. हा माणूस एकटा लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. वरून येणारी लिफ्ट ऐकूनच तर बाजूला होतो!

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. डावा कान पार गेलाय. उजवाही निम्माच उरलाय. कुठे बोलू नकोस, कळलं तर घरी बसवतील."

"आणि नाही कळलं तर चौघांच्या खांद्यावरून आणतील!" ती भडकली आणि तिचे डोळेही भरले.

मागे लिफ्टचं दार उघडलं. खाली जाणारे आत शिरू लागले. मिस्त्रींनी एकवार तिकडे पाहिलं. "टकटक होती? ओळीनं?"

"नऊ-दहा तरी झाल्या."

मिस्त्री सरळ चालत गेले आणि दाराच्या पट्टीवर पाय रोवून उभे राहिले.

"काका, पाय काढा," लिफ्टवाला वैतागला. "खाली शंभर माणसं खोळंबलीत."

"सगळ्यांना बाहेर काढ. दोर तुटत आलाय."

आतली माणसं ओरडू लागली. मनोऱ्याचे साहेब धावत आले. "तुम्ही स्वतः आवाज ऐकलात?"

'हो' म्हटलं असतं तर भागत होतं. म्हणा हो, असं तिलाही वाटलं.

"मी नाही. मला ऐकू येत नाही," मिस्त्री सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले. "हिनं ऐकला. तो कसला असतो ते मला माहीत आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "बहिरा मिस्त्री!"

"हसा. पण तुमच्या मेकॅनिकला दोर बघू दे. तोवर हा पाय हलायचा नाही."

तिनं पुढे होऊन आपल्या चपलेची टाचही त्या पट्टीवर ठेवली.

लिफ्टवाल्यानं नाइलाजानं फोन लावला. मेकॅनिक जिन्यानं धापा टाकत आला, कपाळाला आठ्या घालतच वर मशीनच्या खोलीत चढला. पाच मिनिटांनी उतरला तेव्हा त्याचे हात ग्रीसनं काळे आणि तोंड पांढरं पडलेलं होतं. त्यानं आतल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला लावायला तो साखळी घेऊन आला.

"आता काढा पाय, मिस्त्री," तो हळूच म्हणाला. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा त्यांनी पाय काढला.

मग चाळीस मजले जिन्यानं. पुढची-मागची माणसं त्यांच्याच नावानं बोटं मोडत होती. ती मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताला राहिली.

"मंगळवारी कामावर गेलो की आमच्या साहेबांना कानांचं मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले.

"मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"ते हळू बोलले तर?"

मिस्त्री हसले. पंचविसाव्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. भिंतीपलीकडे लिफ्टचा उभा खड्डा होता. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. "बंद ठेवलीय ना गं त्यांनी?"

तिनं भिंतीला कान लावला. पलीकडे काहीच हलत नव्हतं.

"ठेवलीय."

"नीट ऐक."

तिनं पुन्हा कान लावला.